तो डबा उघडण्याआधी

अगं, तो स्क्रूड्रायव्हर जरा बाजूला ठेव आणि आधी माझं ऐक. काकांच्या ऑफिसने जुनी मशीनं काढली, त्यातलं एक डेल तुझ्या वाट्याला आलं, आणि आता तुझा बेत असा की यातलेच पार्ट वापरून नवा पीसी असेंबल करायचा. पैसे वाचतील म्हणतेस. वाचतीलही, पण तुला वाटतंय तिथे नाही. तू पाठवलेल्या यादीत ‘जुन्यातलं चालेल’ म्हणून कशावर काट मारलीस ते पाहिलं मी. कॅबिनेट, एसएमपीएस, कूलर. म्हणजे ब्रँडेड मशीनमधून निघून दुसरीकडे जे नांदतच नाही, नेमकं तेच! आणि जे सुखाने नांदेल त्याचा तुझ्या यादीत पत्ताच नाही.

या मशीनांना नावं ठेवतेय असं समजू नकोस हं. उलट, ऑफिससाठी बनवलेले डेल, एचपी, लेनोव्हो फार नेटके असतात. झाकण काढलंस की दिसेल, आत वायरींचा गुंता नाही. डेलमध्ये हाताने उघडायच्या खिट्ट्या निळ्या, एचपीत हिरव्या. ऑफिसच्या आयटीवाल्याने उभ्या उभ्या डिस्क बदलून पुढच्या टेबलाकडे जावं म्हणून केलेली सोय ती. बाजारातला असेंबल्ड पीसी चालतो तो एटीएक्स नावाच्या मापावर. इंटेलने १९९५ मध्ये ते माप ठरवलं आणि सगळ्यांनी मान्य केलं, म्हणून एका कंपनीचा बोर्ड दुसऱ्या कंपनीच्या कॅबिनेटमध्ये मुकाट बसतो. ब्रँडवाल्यांना ती गरज नाही. डबाही त्यांचा, बोर्डही त्यांचा, वीजही त्यांची. लाखांनी मशीनं काढायची तर दोन वायरी कमी केल्या तरी हिशेबात फरक पडतो. मग ते आपल्या सोयीने मापं बदलतात. तुझी-माझी सोय त्यात कुणी धरलेली नसते.

आता एसएमपीएसचं बघू, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. तुझ्याकडे ऑप्टिप्लेक्स ९०२० आहे, मिनी टॉवर. २०१३ चं मॉडेल, चौथ्या पिढीचा आय-५. त्यातला एसएमपीएस २९० वॅटचा. बाहेरून बघितलंस तर चारचौघांसारखा: पत्र्याचा डबा, मागे पंखा, तीन पिनांची वायर. पण त्यातून मदरबोर्डकडे जाणारी मुख्य वायर हातात घे आणि टोकाला किती पिना आहेत ते मोज. आठ. बाजारातल्या कुठल्याही नव्या बोर्डला तिथे चोवीस लागतात. आता डब्यावरचं लेबल वाच. साध्या एसएमपीएसवर ३.३, ५ आणि १२ अशा तीन व्होल्टेजच्या रांगा असतात; याच्यावर सगळीकडे १२च. डेलने काय केलं, तर एसएमपीएसकडून फक्त १२ व्होल्ट घेतले आणि ५ व ३.३ मदरबोर्डवरच तयार केले. म्हणूनच हार्ड डिस्कची विजेची वायरही या मशीनमध्ये एसएमपीएसमधून न येता मदरबोर्डवरून निघते. असा एसएमपीएस नव्या बोर्डला जोडायचा कसा? नाहीच जोडायचा. त्याच्याकडे जे नाही ते तो देणार कुठून?

एचपीच्या त्याच काळातल्या मशीनमध्ये सहा पिनांचे प्लग दिसतील, लेनोव्होत चौदा नाहीतर दहा पिनांचे. ज्याचं त्याचं वेगळं. यात वेडेपणा नाही बरं का. फक्त १२ व्होल्ट देणाऱ्या एसएमपीएसमध्ये वीज कमी वाया जाते, आणि पुढे इंटेलनेच याच कल्पनेवर एटीएक्स-१२-व्हीओ नावाचं दहा पिनांचं माप आणलं. पण दुकानात मिळणारे बहुतेक बोर्ड अजून चोवीस पिनांवरच आहेत, आणि तुला तेच घ्यायचे आहेत.

एका परीने हे बरंच आहे की आजचा प्लग बसतच नाही. १९९८ च्या सुमारास डेलने प्लग दिसायला तोच ठेवला होता, फक्त आतल्या वायरींचा क्रम बदलला होता. माणूस विश्वासाने लावायचा आणि बटण दाबलं की बोर्ड जायचा. तेव्हा एखादी गोष्ट बसत नसेल तर जोर लावू नकोस, रागावूही नकोस.

हो, चोवीसचे आठ करणारी वायर मिळते, मला माहीत आहे. तू ती ऑनलाइन बघितली असशीलच. पण तिची दिशा नीट बघ. नव्या, साध्या एसएमपीएसवरून जुना डेलचा बोर्ड चालवायला ती आहे. जुन्या डेलच्या एसएमपीएसवर नवा बोर्ड चालवायला नाही. तिचा उपयोग वेगळ्या वेळी होतो, त्याकडे येतेच.

कूलर आणि पंखे. मशीन थंड राहतंय की नाही यावर ब्रँडेड बोर्ड बारीक लक्ष ठेवतो. पंखा काढलास किंवा दुसरा लावलास तर सुरू होतानाच अडून बसतो: पंखा सापडत नाही, एफ-वन दाबा. एचपीमध्ये पुढच्या यूएसबीची वायर काढली तरी तक्रार. रोज सकाळी एफ-वन दाबून पीसी चालू करणारी माणसं आहेत गं आपल्यात! काही डेलमध्ये पंख्याचा प्लग पाच पिनांचा असतो, बाजारातले पंखे चारांचे. आणि कूलर काढून नव्या बोर्डला लावावा म्हटलं तर काही मॉडेलांत त्याचे स्क्रू मदरबोर्डमधून आरपार जाऊन थेट खालच्या पत्र्यात रुततात. पत्रा सोडून कूलर घ्यायचा म्हणजे नुसता ठोकळा हातात येतो.

कॅबिनेटची गोष्ट लहान आहे. मशीनच्या मागे जिथे यूएसबी, नेटवर्क, मॉनिटरची भोकं असतात, ती पट्टी असेंबल्ड कॅबिनेटमध्ये सुटी असते आणि बोर्डबरोबर येते. तुझ्या डेलमध्ये ती भोकं कॅबिनेटच्या पत्र्यातच पाडलेली आहेत, त्या एका बोर्डसाठी. नवा बोर्ड बसवायचा तर पत्रा कापायला लागतो. समोरच्या पॉवर बटणाची वायरही डेलच्या स्वतःच्या प्लगची, त्यामुळे बटण कुठे जोडायचं हा पुढचा प्रश्न. ग्राइंडर, सोल्डरिंग, मल्टिमीटर हे सगळं घरात असेल आणि रविवार मोकळा असेल तर कर, मजा येते. पैसे वाचवायला म्हणून करणार असशील तर साधं कॅबिनेट विकत घे.

आता जे खरंच घेण्यासारखं आहे त्याकडे वळू.

रॅम. तुझ्या ९०२० मधली डीडीआर-३ आहे. नवा बोर्ड डीडीआर-४ चा नाहीतर डीडीआर-५ चा. मधली खाच वेगळ्या जागी असते, बसणारच नाही. म्हणजे ही रॅम गेली. पण काकांकडे अजून एखादं मशीन निघणार असेल तर विचारून ठेव. सहाव्या-सातव्या पिढीचं, म्हणजे ऑप्टिप्लेक्स ७०५० किंवा एचपी एलिटडेस्क ८०० जी-३ सारखं काही असेल तर त्यात डीडीआर-४ असते, आणि ती डीडीआर-४ च्या नव्या बोर्डवर निमूट चालते. वेग थोडा कमी, २४०० असेल तर २४०० नेच चालेल, पण चालेल. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव असे काही चढले की जुन्या डीडीआर-४ च्या पट्ट्यांना एकदम मान आला. फक्त दोन गोष्टी बघ. अगदी छोट्या, पुस्तकाएवढ्या मशीनमध्ये लॅपटॉपची आखूड रॅम असते, ती तुझ्या कामाची नाही. आणि वर्कस्टेशनमधून निघालेल्या पट्टीवर रजिस्टर्ड ईसीसी असं लिहिलं असेल तर तीही नको. घरगुती बोर्ड तिच्यावर चालू होत नाही.

जुनी रॅम लावून स्क्रीन काळीच राहिली तर लगेच ती मेली असं समजू नकोस. कोकणातल्या दमट हवेत पाच-सात पावसाळे काढलेल्या पट्टीच्या सोनेरी दातांवर झाकोळ येतो. शाळेतला पांढरा खोडरबर घे, पट्टी कडेने धर, आणि ते दात एकाच दिशेने हलक्या हाताने पूस. बोर्डपासून लांब, कागदावर. खोडरबराचा चुरा स्लॉटमध्ये गेला तर नवीनच ताप. मग कोरड्या ब्रशने झटकून पुन्हा बसव, दोन्हीकडून ‘टक’ असा आवाज येईपर्यंत. निम्म्या ‘मेलेल्या’ रॅम एवढ्यावर उठून बसतात.

प्रोसेसरचं आमिष मोठं असतं. तुझा आय-५ ४५७० बसतो एलजीए-११५० सॉकेटमध्ये. त्यासाठी एच-८१ चे बोर्ड अजून मिळतात, पण बारा वर्षांहून जुन्या प्रोसेसरसाठी बोर्ड विकत घेणं म्हणजे तुझ्या त्या डेलचीच दुसरी, हलकी प्रत पैसे देऊन बनवणं. नको. दुसरं कुठलं मशीन मिळालं तर मात्र एक सापळा ध्यानात ठेव. सहाव्या-सातव्या आणि आठव्या-नवव्या पिढीचे प्रोसेसर एकाच नावाच्या सॉकेटचे, एलजीए-११५१. दिसतातही तसेच, बसतातही. पण आठव्या-नवव्याला ३०० मालिकेतला चिपसेट लागतो, आधीच्यांना १०० किंवा २०० चा. अदलाबदल केली तर मशीन सुरू होत नाही, आणि माणूस बिचाऱ्या प्रोसेसरला खराब ठरवून टाकतो. एएमडीच्या बाबतीत आणखी एक. लेनोव्होच्या काही रायझेन प्रो आणि थ्रेडरिपर प्रो मशीनमध्ये प्रोसेसर पहिल्यांदा सुरू होतानाच त्या कंपनीच्या बोर्डशी कायमचा बांधला जातो. सुरक्षेसाठी केलेली तरतूद ती, पण काढून दुसऱ्या कंपनीच्या बोर्डवर लावलास तर तो ढिम्म. असा सुटा प्रोसेसर कुणी स्वस्तात विकत असेल तर आधी चालवून दाखव म्हण.

वायफाय कार्ड चिमुकलं असतं म्हणून कुणी विचारत नाही, पण काढून घे. एवढंच बघ की त्यावर एएक्स-२०१ किंवा एसी-९५६० असं काही आहे का. ही कार्डं इंटेलच्या ठरावीक प्रोसेसरांबरोबरच काम करतात, एएमडीवर मुकी. एएक्स-२०० असेल तर कुठेही चालतं.

आता डिस्क, आणि इथे जरा नीट लक्ष दे. डिस्क ही ब्रँडेड मशीनमधली सगळ्यात मोकळी वस्तू. साटा म्हणजे साटा, कुठल्याही बोर्डवर चालते. पण ती किती थकलीय ते आधी बघ. क्रिस्टल-डिस्क-इन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात डिस्क एकूण किती तास चालू राहिली ते दिसतं. रोज आठ तास, वर्षाला तीनशे दिवस धरले तर वर्षाचे २,४०० तास होतात. ऑफिसात रात्री कुणी मशीन बंदच केलं नसेल तर वर्षाला ८,७६०. त्यावरून समजेल कुणाच्या हाताखाली होती ती. तासांपेक्षा महत्त्वाची ओळ म्हणजे ‘रीअलोकेटेड सेक्टर्स’. तिथे शून्याऐवजी काही आकडा असेल आणि दर आठवड्याला वाढत असेल तर त्या डिस्कवर सिनेमेसुद्धा ठेवू नकोस. धडधाकट असली तरी विंडोज तिच्यावर टाकू नकोस. विंडोज नव्या एसएसडीवर, आणि जुनी डिस्क बॅकअपची दुसरी प्रत ठेवायला. एकुलती एक प्रत कधीच नाही.

तसंच, डिस्क ऑफिसची असेल तर आत ऑफिसचं असेल. काकांना विचारून ती पूर्ण पुसून घे. नुसतं क्विक फॉरमॅट मारलं तर फायली दिसेनाशा होतात, जात नाहीत. उद्या तू ती कुणाला दिलीस आणि त्यातून कुणाच्या पगाराचे कागद निघाले तर काकांना मान खाली घालायला लावशील. आणि उलट बाजू: डिस्क तुझ्याच जुन्या मशीनमधली असेल आणि तिच्यावर बिटलॉकर चालू असेल, तर नव्या पीसीत लावल्या लावल्या ती ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते, ऑफिसच्या मशीनची असेल तर ऑफिसकडे. काढण्याआधी उतरवून घे. नंतर जुना बोर्ड विकून झाल्यावर आठवलं तर कपाळावर हात मारण्यापलीकडे काही राहत नाही.

विंडोजचं लायसन्स येतं का बरोबर? नाही. ब्रँडेड मशीनबरोबर मिळालेलं लायसन्स त्याच्या मदरबोर्डशी जोडलेलं असतं. विंडोज ८ पासून तर की बोर्डवरच्या चिपमध्येच असते. बोर्ड बदलला की लायसन्स तिथेच राहिलं. नव्या पीसीच्या खर्चात विंडोज धर, नाहीतर लिनक्स वापर. थ्रीडी ॲनिमेशनचं ते ब्लेंडर लिनक्सवर उत्तम चालतं, तुला तेच शिकायचंय ना?

मॉनिटर, कीबोर्ड, माउस, यूपीएस, स्पीकर हे सगळं घे, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. फक्त मॉनिटरला नुसतं निळं व्हीजीए असेल तर नव्या ग्राफिक्स कार्डला ते भोक नसतं. एचडीएमआय-ते-व्हीजीए कन्व्हर्टर लागेल. आणि यूपीएसची बॅटरी बदलून घे. लाइट गेल्यावर दीड मिनिटात टुंई करून बंद पडणारा यूपीएस असून नसून सारखा.

आता माझं खरं मत सांगू? ते डेल चालू आहे ना? मग त्याचे तुकडे करूच नकोस. चालतं मशीन सुटं केलं की हातात एक जुनी डिस्क उरते आणि बाकीचं मोडीत जातं. अख्खं ठेवलंस तर त्यात २.५ इंची एसएसडी घाल, डीडीआर-३ ची जुनी पट्टी मिळाली तर आणखी एक टाक, मदरबोर्डवरचा गोल सेल बदल (सीआर-२०३२, घड्याळ दर वेळी मागे जात असेल तर दोष त्याचाच), प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लाव. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे तिथे याची डाळ शिजणार नाही. आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून बँकेची कामं करायची तर त्यावर लिनक्स मिंट टाक. आईला यूट्यूब, लाइटबिल, मामाशी व्हिडिओ कॉल, एवढ्याला ते मशीन पुरून उरेल. वेबकॅम तेवढा लागेल.

ब्लेंडरसाठी नवा पीसी आत्ता परवडत नसेल तर मधला रस्ताही आहे. याच डेलमध्ये ग्राफिक्स कार्ड घाल. स्लॉटमधून ७५ वॅट मिळतात, तेव्हा वेगळी वीज न मागणारं कार्ड बघ. जीटीएक्स १६५० ची काही मॉडेलं तशी आहेत. त्यातही काहींना वरून सहा पिनांची वायर लागते, दुकानात उभी असतानाच कार्डाची वरची कड बघून घे. मिनी टॉवर आहे म्हणून पूर्ण उंचीचं बसेल, पण लांबी मोज. त्याहून मोठं कार्ड हवं असेल तर एसएमपीएस बदलायला हवा, आणि ती चोवीसचे आठ करणारी वायर इथे कामाला येते. चांगल्या जाड तारेची घे. तो नवा एसएमपीएस आणि ते कार्ड दोन्ही पुढे नव्या पीसीत जातील, म्हणजे तो खर्च वाया नाही. मी तुझ्या जागी असते तर हेच केलं असतं: आज एसएसडी आणि कार्ड, दिवाळीनंतर बोर्ड, प्रोसेसर, रॅम आणि कॅबिनेट.

खरेदीला लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर पुण्यात तपकीर गल्लीत, पण यादी कागदावर लिहून ने. सॉकेट, चिपसेट, रॅमचा प्रकार, एसएमपीएसचे वॅट. एकट्या मुलीला बघून ‘मॅडम, भाऊ नाही आला का सोबत?’ असं विचारणारा एखादा भेटतोच. हसून चिपसेटचा नंबर सांग, पुढचा सगळा संवाद सरळ होतो. पक्कं बिल घे, त्यावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर लिहून घे, आणि मदरबोर्डच्या सॉकेटवरचं काळं प्लास्टिकचं झाकण जपून ठेव. इंटेलच्या बोर्डवर पिना सॉकेटमध्ये असतात. एक जरी वाकलेली दिसली तर वॉरंटीवाला हात वर करतो.

शेवटी जे निघेल, मेलेला बोर्ड, फुगलेली बॅटरी, ते भंगारवाल्याच्या गोणीत टाकू नकोस. २०२२ च्या ई-कचरा आणि बॅटरी-कचरा नियमांप्रमाणे ते नोंदणी असलेल्या रिसायकलरकडेच जायला हवं; बऱ्याच शहरांत महापालिका त्यासाठी संकलन ठेवते, चौकशी कर.

आणि शनिवारी झाकण उघडणार असलीस तर शुक्रवारी रात्रीच काकांना फोन करून डिस्कचं विचार, बिटलॉकर आहे का बघ आणि बॅकअप घे. एसएमपीएसला मात्र हात लावू नकोस, तो त्या डेलमध्येच राहू दे.